सगळं अंग दुखतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल: फायब्रोमायल्जियाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. काही बायका हातात जाडजूड पिशवी घेऊनच येतात. तिच्यात दोन-तीन वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे आणि चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. "ताई, सगळं आंग दुखस," एवढं बोलून त्या गप्प होतात, कारण त्यापुढचं ऐकायला आजवर कोणी थांबलेलं नसतं. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फायब्रोमायल्जिया म्हणजे नेमकं काय?

तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं, रात्रभर झोपूनही सकाळी शीण न जाणं आणि विसरायला होणं, हे सगळं एकत्र असलं की त्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. हा संधिवात नव्हे. यात सांधे झिजत नाहीत, वाकडे होत नाहीत, कुठला अवयव निकामी होत नाही आणि हा एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. जगभरात साधारण शंभरातल्या दोन ते चार माणसांना तो असतो असं मानतात, म्हणजे तुमच्या गल्लीतही कोणाला तरी असणार.

नाव नवं वाटलं तरी दुखणं जुनं आहे. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं होतं, म्हणजे तंतूंना आलेली सूज. पुढे तपासण्यांत सूज काही सापडली नाही, म्हणून १९७६ साली नाव बदललं आणि 'मायल्जिया', म्हणजे स्नायूंचं दुखणं, हा शब्द आला.

रिपोर्टमध्ये काहीच नाही, मग दुखतं कशाने?

कारण बिघाड स्नायूत नसतो. वेदनेची खबर वाहणाऱ्या मज्जारज्जूत आणि ती खबर वाचणाऱ्या मेंदूत तो असतो, आणि रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेत तो दिसत नाही.

मी हे शेतातल्या राखणीवरून समजावते. मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून माळ्यावर राखणदार बसवतात. डुक्कर आलं की तो डबा बडवतो आणि गाव उठतं. एखाद्या साली मोठं नुकसान झालं, की तोच राखणदार इतका धास्तावतो की पान हललं, मांजर गेलं तरी डबा बडवतो. शेतात जाऊन पाहावं तर डुक्कर नाही, पण डब्याचा आवाज खोटा नसतो आणि झोप तर सगळ्या गावाची मोडते. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचा राखणदार असा झालेला असतो. बांगड्या भरताना हात दाबला, नातवंड मांडीवर बसलं, ब्लाउज जरा घट्ट झाला, एवढंही त्याला संकट वाटतं.

याला पुरावे आहेत. वेदनेची खबर पुढे नेणारं 'सबस्टन्स पी' नावाचं रसायन या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात जास्त आढळलं आहे. मेंदूच्या चित्रणात असं दिसलं की निरोगी माणसाला जो नुसता दाब वाटतो, तेवढ्याच दाबाला या रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग जागे होतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे एरवी रोगाशी लढणारी प्रथिनं, उंदरांना टोचली, तर उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. पण ज्या बाईला घरात "नाटकं करते" असं ऐकवलं गेलंय, तिला मी हा उंदरांचा प्रयोग आवर्जून सांगते, कारण उंदराला नाटक करता येत नाही.

म्हणजे हा मनाचा आजार आहे का?

नाही. ताणाने तो वाढतो हे खरं, पण ताणाने रक्तदाब आणि साखरही वाढतात, आणि त्यांना कोणी मनाचे खेळ म्हणत नाही. वर्षानुवर्षं दुखत राहिलं, वर कोणी विश्वासही ठेवला नाही, की उदासी येतेच. ती आली असेल तर तिचाही उपचार करायचा, त्यात कमीपणा नाही. मन फार खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. त्यावरून एक वाक्य मी फार ऐकते: "आखाजीला माहेरी गेली की बरी बरी असते, सासरी आली की दुखणं सुरू." हे सासूबाई पुरावा म्हणून सांगतात. खरं तर माहेरी लेकीला सकाळी सातपर्यंत झोपू देतात, पाण्याचे हंडे उचलू देत नाहीत, कोणी घालूनपाडून बोलत नाही. झोप पुरी झाली आणि ओझं कमी झालं की राखणदार जरा शांत होतो. ती माहेरी बरी असते, म्हणजे तिला बरं कशाने वाटतं ते आपल्याला समजलं. तेच थोडं सासरी देता येईल का, ते पाहा.

दुखण्याशिवाय आणखी काय होतं?

अंग सकाळी आखडलेलं असतं. डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं: बोलताना शब्द सापडत नाही, गॅसवर दूध ठेवलेलं विसरतं. अर्धशिशी, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, वारंवार लघवीला जावं लागणं, जबडा दुखणं, हातापायांना मुंग्या, रात्री पायांची तळमळ, मोठा आवाज किंवा उग्र वास सहन न होणं. प्रत्येकीला सगळं होत नाही. पण पोटासाठी एक डॉक्टर, डोक्यासाठी दुसरे, पाठीसाठी तिसरे असं फिरून झाल्यावर हे सगळं एकाच आजाराचं असू शकतं हे कळलं, की बऱ्याच जणींना रडू येतं.

निदान कसं करतात?

ऐकून आणि तपासून. १९९० सालच्या निकषांत अंगावरच्या ठरावीक १८ जागा दाबून पाहायचे आणि त्यांतल्या ११ दुखल्या तर आजार आहे असं म्हणायचे. २०१० पासून ती पद्धत मागे पडली. आता अंगाचे १९ भाग विचारून त्यांतले किती दुखतात ते मोजतात, आणि थकवा, झोप व विसराळूपणा किती आहे त्याला गुण देतात. २०१६ च्या सुधारणेनुसार शरीराच्या पाच विभागांपैकी निदान चारांत दुखणं हवं आणि ते तीन महिने टिकलेलं हवं. दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जिया असू शकतो, हेही त्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे खरा संधिवात असलेल्या बाईला हाही असू शकतो.

आधी कोणते आजार तपासून घ्यायचे?

रक्ताच्या थोड्याच तपासण्या लागतात: हिमोग्राम, ईएसआर किंवा सीआरपी (अंगात कुठे सूज आहे का ते दाखवणाऱ्या), थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, बी-१२, आणि गरज असेल तर स्नायूंची सीपीके. थायरॉइड मंद असेल तर असंच अंग दुखतं. माळकरी आणि पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे, त्याने मुंग्या आणि थकवा येतो. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यानेही स्नायू दुखू शकतात.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी खास. नंदुरबार जिल्हा आणि धुळे-जळगावचा सातपुड्याकडचा पट्टा, इथल्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि त्यातही हाडं-अंग जबर दुखतं. तिथल्या माणसाला सिकल सेलची तपासणी केल्याशिवाय फायब्रोमायल्जियाचं नाव देऊ नये. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. त्यासाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. दुसरी गोष्ट चिकुनगुनियाची. २००६ सालची मोठी साथ आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगली आठवते. ताप जातो, पण सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहू शकतात. असा ताप येऊन गेला असेल तर कधी आला ते डॉक्टरांना सांगा.

आणि पुढचं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा: ताप, कारण नसताना वजन घटणं, सांध्याला डोळ्यांना दिसेल अशी सूज, हातापायाची ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा. पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे आणि कंबर आखडली, त्यात कानशील दुखायला लागलं किंवा दिसायला कमी झालं, तर एक दिवसही थांबू नका.

एमआरआय करून घेऊ का?

डॉक्टरांना शंका असेल तरच. चाळिशीनंतर न दुखणाऱ्या बऱ्याच माणसांच्याही मणक्यात गादी थोडी सरकलेली दिसते. रिपोर्टमधला तो शब्द वाचून भीती बसते, आणि भीतीने दुखणं वाढतं.

मलाच का झाला?

एकच कारण दाखवता येत नाही. रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते. त्यावर अपघात, ऑपरेशन, जोराचा ताप, घरातला मृत्यू, लहानपणी सोसलेला मार किंवा वर्षानुवर्षांची अपुरी झोप, असं काही निमित्त होतं. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हा होत नाही. कोणी बाहेरचं काही केलं म्हणूनही नाही. देवाला नवस करायचा असेल तर करा, पण औषध आणि चालणं बंद करून नको.

फक्त बायकांनाच होतो का?

बायकांना जास्त, पण पुरुषांना आणि मुलांनाही होतो. पुरुष सांगतच नाहीत. केळीचे घड वाहणारा माणूस "आंग दुखतं" म्हणायला लाजतो आणि वेदनाशामक गोळ्यांवर वर्षं काढतो.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?

आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा एमडी मेडिसिन असलेल्यांकडे. खात्री होत नसेल तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या मेडिसिन विभागातून सुरुवात करता येते. एकदा निदान पक्कं झालं की दर सहा महिन्यांनी नवीन डॉक्टर आणि पुन्हा सगळ्या तपासण्या, हे थांबवा. त्यात पैसा जातो, आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर थोडा धीरही जातो.

औषधांनी बरं वाटतं का?

काहींना, काही प्रमाणात. अमेरिकेत या आजारासाठी प्रीगॅबालिनला २००७, ड्युलोक्सेटिनला २००८ आणि मिल्नासिप्रानला २००९ साली मान्यता मिळाली. रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिनही देतात. यांतली काही औषधं मूळची उदासीवरची किंवा फिट्सवरची आहेत, त्यामुळे मेडिकलवाला किंवा भाचा गोळीचं नाव शोधून सांगतो आणि घरात गोंधळ उडतो. डॉक्टरांनी तुम्हाला वेडं ठरवलेलं नाही. वेदनेची खबर कमी करायला तीच रसायनं कामी येतात.

चक्कर, पेंग, तोंड सुकणं, मळमळ, वजन वाढणं, पायावर सूज, असे त्रास होऊ शकतात. म्हणून मात्रा कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. मनाने एकदम बंद करू नका. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा यात फारसा उपयोग नाही, आणि रोज घेतल्या तर मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडू शकतात.

एका ठिकाणी पुडी देतात, दोन दिवसांत मोकळं वाटतं. घेऊ का?

नका घेऊ. ज्या पुडीवर नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि जिच्याने दोन दिवसांत जादू होते, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असण्याची भीती असते. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोग नाही. महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक सोडलं तर जिवावर बेतू शकतं. आधीच घेत असाल तर लाजू नका, घाबरू नका. पुडी बरोबर नेऊन डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सोडा. अंग दुखतं म्हणून सलाईन लावून घेण्यातही काही अर्थ नाही.

तुम्ही चालायला सांगता, पण चाललं की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. मग?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सगळे उपचार तपासून पाहिले, तेव्हा ठामपणे शिफारस करावी असा एकच उपचार निघाला: व्यायाम. पण तो कसा सुरू करायचा यावर सगळं अवलंबून आहे.

नवीन असताना मी एका बाईंना पहिल्याच दिवशी अर्धा तास चालायला सांगितलं. त्या चार दिवस अंथरुणाला खिळल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. त्याची खंत मला आजही आहे. आता मी विचारते, "अगदी वाईट दिवशीही किती चालवेल?" उत्तर पाच मिनिटं आलं तर पाचच मिनिटं. घड्याळ लावायचं आणि पाच झाले की परत फिरायचं, अंगात जोर असला तरी. आठवडाभर तेवढंच. पुढच्या आठवड्यात एक-दोन मिनिटं वाढवायची. दुखणं भडकलं तर बंद करायचं नाही, मागच्या पायरीवर यायचं. असं करत वीस-तीस मिनिटांवर पोहोचायला दोन-तीन महिने लागले तरी चालेल. फरकही साधारण तेवढ्याच काळाने जाणवतो.

चालणं जमायला लागलं की खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पाण्याची अर्धा लिटरची बाटली उचलणं, असे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. योगासनं आणि ताय-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, यांचाही चांगला फायदा दिसला आहे. २०१८ सालच्या एका अभ्यासात ताय-ची नेहमीच्या व्यायामाइतकंच किंवा त्याहून सरस ठरलं. आपल्याकडे ताय-ची कोण शिकवणार, पण योगवर्ग आता बऱ्याच गावांत आहेत. तिथे शिकवणाऱ्याला आधीच सांगा की मी ताणून धरणार नाही, जमेल तेवढंच करेन.

"दिवसभर शेतात राबते, तोच व्यायाम नाही का?" असंही विचारतात. नाही. कापूस वेचताना आठ तास पाठ एकाच बाकात असते, आणि थांबायचं कधी ते किलोचा हिशेब ठरवतो. व्यायामात ते तुम्ही ठरवता.

घरकाम कसं निभवायचं?

बहुतेकींचं असं होतं: चार दिवस पडून राहायचं, पाचव्या दिवशी जरा बरं वाटलं की साचलेलं सगळं काम एका दमात उरकायचं, की पुन्हा सहा दिवस पडून. हे चक्र मोडायचं तर बऱ्या दिवशी हात आवरता आला पाहिजे. याला मोठा निग्रह लागतो, कारण बऱ्या दिवशीच तर काम दिसतं.

चैत्र-वैशाखातल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घ्या. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात ज्वारीचं पीठ घोटायचं, मग गच्चीवर वाकून ऊन चढायच्या आत सगळं थापून संपवायचं. एका दिवसात दहा किलोचं करण्याऐवजी दोन-दोन किलो पाच दिवस करा. घोटायचं काम जाऊबाईंना किंवा मुलाला द्या, थापायला पाटावर बसा आणि दर वीस मिनिटांनी उठा. श्रावणात कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, घरी बसते, तेव्हा सगळी भाऊबंदकी घरी येते, रोटांचं दळण-कणिक असते आणि रात्रभर जागरण. मी कोणाला कानबाई सोडायला सांगत नाही. आधीच्या आठवड्यात दुसरं मोठं काम काढू नका, जागरणाच्या दिवशी दुपारी तासभर झोपा, आणि विसर्जनानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा.

झोपच लागत नाही, आणि लागली तरी शीण जात नाही.

१९७० च्या दशकात कॅनडात मोल्डोफ्स्की आणि स्माइथ यांनी निरोगी माणसांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडली, तर काही दिवसांत त्यांचंही अंग दुखायला लागलं. झोप आणि दुखणं असं एकमेकांना ओढतं. उठायची वेळ रोज एकच ठेवा. दुपारनंतर चहा नको. मोबाईल अंथरुणात नको.

शेतीची वीज रात्री येते तेव्हा पाणी भरायला जाणाऱ्याची झोप मोडते आणि त्याला डबा-चहा देणारीचीही. ती वीज आपल्या हातात नाही, पण पाळी घरात वाटून घेता येते. खूप घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर ते वेगळं तपासून घ्या.

ऊन-थंडीचा फरक पडतो का?

अनेकींना थंडीत जास्त दुखतं. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक अंकी होतो, तेव्हा सकाळी गरम पाण्याने अंघोळ, शेक, कोमट तेलाचा हलका हात लावा आणि ऊन आल्यावरच चालायला निघा. मे महिन्यात उलट, सूर्य वर यायच्या आधी चालून घरी या.

काय खायचं, काय सोडायचं?

या आजारासाठी खास असा कोणताही आहार सिद्ध झालेला नाही. वांगं वातूळ म्हणून भरीत सोडू नका. कळण्याची भाकरी, डाळी, भाज्या, दही, सगळं खा. पोटाचा त्रास असेल तर शेवभाजीचा झणझणीत रस्सा कमी करा, तो या आजारामुळे नव्हे, पोटामुळे. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्याने फायदा होतो.

पूर्ण बरा होतो का?

मुळासकट घालवणारं औषध आज नाही. पण कमी होतो, आणि बऱ्याच जणी पुन्हा नोकरी, शेत, संसार नीट करतात. मधूनच भडका उडतो: लग्नसराई, आजारपण, घरातलं भांडण यांनंतर. भडका म्हणजे आजार पुढे सरकला असं नाही. दोन-चार दिवस काम निम्म्यावर आणा, शेक घ्या, चालणं अगदी थोडं पण चालू ठेवा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जिया नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या कोणाच्या नादी लागू नका.

घरच्यांनी काय करावं?

विश्वास ठेवावा. "आज किती दुखतंय?" असं दर तासाला विचारू नये, कारण त्याने लक्ष तिथेच अडकतं. "आज चालून आलीस का? चल, मी येतो बरोबर," असं म्हणावं. सगळं काम काढून घेऊन पलंगावर बसवणं हीसुद्धा मदत नव्हे. जड तेवढं उचला: हंडा, सिलिंडर, ओल्या चादरींची बादली. दवाखान्यात नवऱ्याने बरोबर यावं, बाहेर मोटरसायकलवर न बसता आत यावं. डॉक्टरांच्या तोंडून "हे दुखणं खरं आहे" हे एकदा त्याने स्वतः ऐकलं, की घरातला निम्मा वाद मिटतो.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करू?

एका कागदावर माणसाची आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि दुखणाऱ्या जागा पेनाने रंगवा. मुलाच्या वहीचं पान चालेल. त्याच्या मागे लिहा: दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी काय झालं होतं, झोप किती तास, सकाळी उठल्यावर कसं वाटतं, चालू असलेली सगळी औषधं, पुड्यांसकट. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, नवा सगळ्यात वर. आणि जे सगळ्यात जास्त नडतं ते पहिल्या वाक्यात सांगा. "सगळंच दुखतं" हे खरं असतं, पण "नातवाला उचलून घेता येत नाही" एवढं सांगितलं की डॉक्टरांना आणि मला कुठून सुरुवात करायची ते कळतं.